सुलूच्या कॅमेऱ्यातली माणसं

सुलू पेडणेकर घरात असली की कुणाच्या लक्षात यायची नाही. नसली की मात्र सगळ्यांचं अडायचं. गिरगावातली खोली सोडून पेडणेकर मंडळी भाईंदर पूर्वेला जेसल पार्कात राहायला आली, तेव्हापासून ती धाकट्या भावाच्या, उत्तमच्या, वन-बीएचकेच्या हॉलमध्ये झोपत आली होती. सकाळी उठायचं, गादी गुंडाळून दिवाणात कोंबायची, सगळ्यांचे डबे करायचे आणि मग शेअर रिक्षाने मीरा रोडला. तिथे एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसून लोकांची नावं लिहून घ्यायची, रिपोर्ट द्यायचे. लग्न झालं नव्हतं. आता बावन्नाव्या वर्षी तो विषयही कुणी काढत नव्हतं.

तिशी उलटल्यावर कधीतरी दिवाळीच्या बोनसमधून तिने एक वस्तू स्वतःसाठी घेतली होती. मुठीत मावेल एवढा चंदेरी डिजिटल कॅमेरा. बटण दाबलं की घूं करून भिंग पुढे यायचं आणि पाठीमागच्या चिमुकल्या पडद्यावर समोरचा माणूस दिसायचा.

"एवढ्यात कानातले झाले असते," वहिनी ममता म्हणाली होती. "उद्या लग्नात उपयोगी तरी पडले असते."

त्या क्षणी सुलूने ममताचाच फोटो काढला, हातात लाटणं, कपाळावर आठी. तो कॅमेऱ्यातला पहिला फोटो.

पुढे तिला तो नादच लागला. लॅबला जाताना कॅमेरा पर्समध्ये, घरी आली की फ्रिजवर. सणावाराचे फोटो सगळेच काढतात, सुलू साध्या दिवसांचे काढायची. आई चष्मा नाकावर घेऊन तांदूळ निवडतेय. उत्तम बनियनवर आरशासमोर केसांना कलप लावतोय. त्याची मुलगी, चार वर्षांची अनुष्का, पहिल्या दिवशी शाळेत जायचं नाही म्हणून जमिनीवर लोळतेय. अनुष्काचा दात पडला, अनुष्काला कांजिण्या आल्या, सायकलवरून पडून अनुष्काचा गुडघा फुटला, सगळं त्या कॅमेऱ्यात होतं. "तुझी आत्या म्हणजे आपल्या घरचा सीसीटीव्ही," उत्तम म्हणायचा आणि ममता हसायची. एक मेमरी कार्ड भरलं की सुलू दुसरं आणायची. अशी चार कार्डं झाली. सगळी कार्डं ती एका चुन्याच्या डबीत ठेवायची. घरातला कॉम्प्युटर बंद पडून भंगारात गेला तेव्हा त्याच्यातलं सगळं गेलं, पण कार्डांवरचं राहिलं.

त्याच कॅमेऱ्याने ती स्वतःचेही फोटो काढायची, घरात कुणी नसताना. तिचे पुढचे दात थोडे बाहेर होते. लग्न जुळवणाऱ्या बाईंनी आईला स्पष्टच सांगितलं होतं, "फोटोत तोंड मिटून हसू दे तिला." मग सुलू फ्रिजवर चादरीची घडी ठेवायची, वर कॅमेरा, टायमर लावायचा, आणि लाल दिवा लुकलुकत असताना धावत जाऊन भिंतीशी उभं राहायचं. ओठ मिटून हसायचं. जाऊन बघायचं. परत. हनुवटी खाली घेऊन. परत. पिवळी साडी, हिरवी साडी, ममताची पैठणी तिला न विचारता. शेवटी एखादा बरा निघायचा, तो बाईंकडे जायचा. बाकीचे तिने कधी पुसले नाहीत. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

त्यातला एक फोटो बघून कौस्तुभ नावाचा मुलगा आला. मुलगा म्हणजे चाळिशीला टेकलेला, विमा कंपनीत नोकरी. पोहे खाल्ले, नीट बोलला, आणि चक्क दुसऱ्यांदा भेटू या म्हणाला. दोघं जेसल पार्कच्या चौपाटीवर, खाडीच्या कडेला फिरले. त्याने तिचा कॅमेरा मागून घेतला आणि तिचे दोन फोटो काढले. काय बोलला कोण जाणे, पण त्या दोन्ही फोटोंत सुलू तोंड उघडून, मान मागे टाकून हसतेय, केस वाऱ्यावर. आठवड्याभराने बाईंचा फोन आला, पत्रिका जुळत नाही. सुलूने त्या रात्री नेहमीसारख्या पोळ्या केल्या. आईने तेवढं विचारलं, "जेवलीस का गं?"

मग स्मार्टफोन आले, सगळ्यांच्याच हातात कॅमेरे आले. उत्तमचे दोन फोन खाडीच्या दमटपणाने गेले, ममताचा चोरीला गेला, त्यांच्यासोबत त्यांच्यातले फोटोही गेले. आई वारली तेव्हा भिंतीवर लावायला फोटो सुलूच्याच कॅमेऱ्यातून निघाला. त्यानंतर कॅमेरा कपाटात पडून राहिला.

गेल्या वर्षी तो बाहेर काढला अनुष्काने. ती तेव्हा तेवीस वर्षांची, नोकरी करून फावल्या वेळात रील बनवायची.

"आत्या, तुझा डिजिकॅम अजून चालतो? सगळे शोधतायत गं तसला. त्याचा लूकच वेगळा येतो."

सुलूला आधी खरंच वाटलं नाही. तिची एखादी वस्तू या घरात कुणी मागितल्याचं तिला आठवत नव्हतं. तिने चार्जर शोधला, पट्ट्यावरची धूळ पुसली, अनुष्काला शेजारी बसवून फ्लॅश कसा बंद करायचा, अंधारात हात कसा टेकवायचा ते दाखवलं. चुन्याची डबीही दिली. "तुझं सगळं बालपण आहे यात," म्हणाली. अनुष्काने तिच्या गळ्यात हात टाकले. पुढचे काही दिवस सुलू लॅबमध्ये गाणं गुणगुणत होती.

मग एका सोमवारी काउंटरवर एक तरुण आला. रिपोर्ट घेताना तिच्याकडे बघून त्याला हसू आवरेना. "आंटी, आप वही हो ना? रीलवाली?"

सुलूला काही कळलं नाही. शेजारच्या खुर्चीवर उत्तन गावची मॉली बसायची, सुलूची इतक्या वर्षांची मैत्रीण. तिने खाली मान घातली.

"काय गं मॉली?"

"जाऊ दे ना."

"काय आहे, दाखव."

मॉलीने फोन पुढे केला. "ही तूच हाय ना गो?"

तीच होती. भिंतीशी उभी, ओठ मिटून. पुन्हा ओठ मिटून. पिवळी साडी, हिरवी साडी, पैठणी. ढोलकीच्या ठेक्यावर एकामागून एक फोटो पडत होते, आणि दर फोटोला तिच्या दातांभोवती गोल यायचा. वर लिहिलं होतं, 'माझी आत्या, लग्नाची ऑडिशन'. शेवटी चौपाटीवरचे ते दोन हसरे फोटो, आणि खाली, 'तरी पण नाही जमलं'. खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. लाखो लोकांनी ते बघितलं होतं.

"तुला ठाऊक न्हाय मला वाटलंच," मॉली म्हणाली. "सांगायला तोंड झालं न्हाय गो."

संध्याकाळी सुलू घरी आली ती चप्पल न काढताच हॉलमध्ये उभी राहिली.

"अनू, ते काढून टाक."

"आत्या, चिल ना! लोक प्रेम करतायत तुझ्यावर. वाच तरी, किती जण म्हणतायत क्यूट आहे."

"काढून टाक म्हणतेय मी."

उत्तम टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाला, "अगं, पोरीने गंमत केली. आता सगळ्यांच्या फोनवर गेलंय ते, काढून काय होणार?"

"आणि तिला मीरा रोडच्या साडीच्या दुकानाने विचारलंय," ममता म्हणाली. "दुसरा भाग हवाय त्यांना, तुलाच घेऊन. पोरीचं चांगलं होतंय तर आडवी येऊ नकोस. इतकी वर्षं तुला घरात ठेवलं, कधी काही मागितलं का आम्ही?"

सुलू तिथेच उभी होती. इतक्या वर्षांच्या पोळ्या, आईचं दुखणं, अनुष्काच्या कांजिण्या, यातलं काहीतरी बोलावं म्हणून तिने तोंड उघडलं. पण ममताची नजर तिच्या दातांवर गेली. गेली की गेल्यासारखं वाटलं, देव जाणे. सुलूने तोंड मिटलं.

रविवारी सकाळी तिला चौपाटीवर नेलं. दुकानाने पिवळी साडी दिली होती, फोटोतल्यासारखीच. अनुष्का तोच चंदेरी कॅमेरा घेऊन समोर. "आत्या, तसंच हस ना, मान मागे टाकून! नाही गं, पूर्ण!" सकाळी फिरायला आलेले लोक थांबले. कठड्यावर बसलेल्या पोरांनी ओळखलं. "काकी, दात दिखाओ!" एकजण ओरडला आणि सगळा कठडा खदखदला. सुलू हसली. सांगितलं तितक्या वेळा हसली. तिचे गाल दुखायला लागले तेव्हा अनुष्का म्हणाली, "बस, कमाल! यू आर द बेस्ट," आणि खरंच प्रेमाने तिच्या गालाची पापी घेतली. यात काही वाईट आहे हे त्या पोरीच्या गावीही नव्हतं.

दुपारी सगळे जेवायला बसले. रविवार म्हणून सुलूने कोलंबीचं कालवण केलं होतं. अनुष्का एका हाताने जेवत दुसऱ्या हाताने जुन्या रीलखालच्या कमेंट वाचून दाखवत होती.

"हे ऐका. कोणीतरी कौस्तुभ म्हणून आहे. म्हणतोय, 'ह्यांना बघायला मी गेलो होतो. थोडक्यात वाचलो.' आणि हसून लोळणारे किती चेहरे टाकलेत!"

ममताचा घास हातात थांबला. "अहो, हा तोच! विम्याचा! पोहे खाऊन गेलेला!" आणि तिला असं हसू फुटलं की ठसका लागला. उत्तम तिच्या पाठीवर थोपटायला लागला आणि थोपटता थोपटता तोही हसला.

सुलूने ताटावरून उठून हात धुतला. अनुष्काच्या बॅगेतून कॅमेरा घेतला, टीव्हीखालून डबी घेतली आणि परत टेबलाशी येऊन बसली. कुणाचं लक्ष नव्हतं. तिने मेनू उघडला. कार्डावरचं सगळं पुसायचं का, पडद्याने विचारलं. तिने हो म्हटलं. दुसरं कार्ड घातलं.

"काय करतेयस आत्या?"

"जागा करतेय."

"कसली जागा?" अनुष्का वाकून बघायला लागली. तिचा चेहरा उतरला. "आत्या, अगं, त्यात माझे... मी फक्त तुझेच कॉपी केलेत! थांब ना!"

तिसरं कार्ड आत गेलं होतं. अनुष्काने हात धरला तर सुलूने तो कोपराने झटकला, इतक्या जोरात की पोरीची पाठ भिंतीवर आदळली. चौथं कार्ड घातल्यावर पडद्यावर आई आली. तांदूळ निवडणारी, चष्मा नाकावर. सुलूचा अंगठा थांबला.

उत्तम उठून उभा राहिला. "सुलूताई, आई आहे त्यात. शेवटची दिवाळी आहे. नको."

"तू हसलास ना आत्ता?"

"अगं, चुकून..."

तिने बटण दाबलं.

पुसलेलं परत काढून देणारी दुकानं असतात हे लॅबचा कॉम्प्युटर बिघडला तेव्हा तिला कळलं होतं. तिने स्वयंपाकघरातली कात्री आणली आणि चारही कार्डं एकेक करून मधोमध कापली. अनुष्का जमिनीवर बसून रडत होती. ममता तोंडात येईल ते बोलत होती. आणि सुलूला, किती वर्षांनी, अगदी आतून बरं वाटत होतं. अनुष्काच्या रडण्याने तर जास्तच. खरकटं पुसावं तसं तिने तुकडे टेबलावरून पुसून केराच्या डब्यात टाकले. तिला भूक लागली होती. कालवण गार झालं होतं, तिने गरम करून घेतलं आणि पोटभर जेवली.

त्यानंतर ती गेली कुठेच नाही, जाणार कुठे? हॉलमध्येच झोपायची, डबेही करायची. पण घरात तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. रील तशीच राहिली. अनुष्काने ती काढली नाही, आता तर मुद्दामच नाही. दुसरा भागही आला, त्या सकाळचं शूटिंग अनुष्काने जेवायच्या आधीच फोनवर घेतलं होतं. ज्या फोटोंपायी सुलूने एवढं केलं, तेवढेच जगात शिल्लक राहिले. भिंतीवरची आई सोडली तर बाकी सगळी माणसं गेली.

यंदा अनुष्काचं लग्न ठरलं, सार्थक नावाच्या तिच्या ऑफिसातल्या मुलाशी. लग्नाच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर दोघांचे लहानपणापासूनचे फोटो दाखवायचे होते. ममताने सगळ्या नातेवाइकांना फोन केले, कुणाकडे बारशाचा एक निघाला, कुणाकडे मुंजीतल्या घोळक्यातला. सार्थक पडद्यावर रांगला, धावला, शाळेत गेला. ते दोन फोटो झाले की अनुष्का एकदम कॉलेजातच उगवली. सुलू शेवटच्या रांगेत बसून बघत होती.

जेवणानंतर अनुष्का सगळ्यांच्या पाया पडत तिच्यापर्यंत आली. वाकली, आणि वाकलेलीच राहून हळूच म्हणाली, "आत्या, खरं सांग. एखादं कार्ड ठेवलंयस ना बाजूला? मी नाही बोलणार कुणाला."

"नाही."

"एक तरी?"

"एकही नाही, अनू," सुलू म्हणाली, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

अनुष्काला हुंदका फुटला. काजळ गालांवर ओघळलं. ती सुलूच्या मांडीवर डोकं ठेवून रडत राहिली आणि सुलू तिला थोपटत राहिली. सार्थककडच्या बायका भोवती जमल्या. त्यांतल्या एकीने स्वतःचेही डोळे पुसले.

"आईपेक्षा आत्यावर जीव आहे बघा पोरीचा," ती म्हणाली.