बांधाकडच्या दोन ओळी

कार्तिकातल्या एकादशीच्या आदल्या संध्याकाळी माझ्या नवऱ्याने मला एक गोष्ट सांगितली आणि मी "हो" म्हटलं. मिक्सरमध्ये शेंगदाण्याची चटणी फिरत होती. तो दारातूनच बोलला आणि हातपाय धुवायला गेला. तो काय बोलला ते मी ऐकलंच नव्हतं, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता कळलं.

भातकुलीजवळ आमचं शेत आहे. थोडी पऱ्हाटी म्हणजे कापूस, झेंडू, शेवंती आणि एका तुकड्यात तुळस. तुळस विकायला म्हणून लावतात, लग्न होऊन आले तेव्हा मलाही याचं नवल वाटलं होतं. माहेरी अंगणात एकच तुळस होती आणि तिचं पान तोडायचं तरी आई आधी हात जोडायची. इथे मी रोज विळ्याने जुड्या कापते. हाराला, नैवेद्याला, काढ्याला शहरात रोज तुळस लागते. एकादशीला तर उजाडायच्या आत संपते.

त्या पहाटे मी मोबाइलच्या उजेडात कापणी केली. बांधाकडच्या दोन ओळी दाट होत्या, मंजिऱ्यांनी लगडलेल्या, म्हणून तिथूनच सुरुवात केली. पानांना वेगळा वास होता का? आज आठवताना वाटतं, होता. त्या वेळी मला फक्त दवाचा गारवा जाणवला. पाच जुड्या ओल्या पोत्यात गुंडाळून मी शेजाऱ्याच्या भाजीच्या गाडीत टाकल्या. गाडी अमरावतीच्या फूलबाजाराकडे गेली.

आठ वाजता नवरा बांधावरून जवळजवळ धावतच आला.

"अवं, बांधाकडच्या ओळी कोनं कापल्या?"

"मी."

तो ओट्यावर बसला. "काल सांगतलं ना तुले! पऱ्हाटीवर औषध मारलं, पंपात उरलं होतं, तुळशीवर माव्याची कीड दिसली तर त्या दोन ओळींवर मारून टाकलं. तिकडे हात लावू नको म्हटलं. तू हो म्हटलं."

आमच्याकडे फवारणीच्या विषाला औषधच म्हणतात. लोक ज्या पानाला औषध समजून चहात टाकतात, खोकल्याला मधाबरोबर चाटतात, त्याच पानावर हे दुसरं औषध पडलं होतं. आणि आज एकादशी. आज प्रत्येकाच्या तीर्थात तुळस असणार.

फूलबाजारात आमचा माल विकून देणारा अडत्या फोन उचलेना. सकाळची गर्दी. "कोनी धुतल्याबिगर खात नाई," नवरा म्हणाला, पण म्हणता म्हणता त्याने मोटरसायकलला किक मारली होती.

वाटेत मी ठरवलं होतं की तुळशीला कीड लागली असं अडत्याला सांगायचं. प्रत्यक्षात तोंडातून खरंच निघालं. तो फुलांच्या ढिगामागून उठून माझ्याजवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "वयनी, आजच्या दिवशी? अन् हे तुमी भर बाजारात बोलून राहिल्या?"

पण बोलता बोलताच तो जुड्या शोधायला लागला. दोन जुड्या त्याच्याच ताडपत्रीखाली होत्या. दोन फाटकाजवळ हार करणाऱ्या बाईने घेतल्या होत्या. तिचा एक हार अर्धा झाला होता. मी तिला सांगितलं. तिने दोरा तोडला, सगळी पानं माझ्या पोत्यात लोटली आणि नळावर जाऊन कोपरापर्यंत हात घासत राहिली. मी तिथे उभी राहून ते बघत होते.

"पाचवी?" नवऱ्याने विचारलं.

"पयल्या बसनं अकोल्याले गेली," अडत्या म्हणाला. "तिथल्या फुलवाल्याची आर्डर होती."

अकोल्याच्या फुलवाल्याने फोन उचलला, तेव्हा जुडी दुकानातून गेलेली होती. एक म्हातारे काका स्वतः येऊन घेऊन गेले. घरी पूजा होती, विष्णूला हजार पानं वाहायची होती. काकांचा नंबर त्याच्या वहीत होता. त्याने लावून पाहिला, आम्हीही लावला. नुसती रिंग वाजत होती. पूजेच्या घरात फोन कुठेतरी कपाटावर पडलेला असणार. घर कुठे आहे ते फुलवाल्यालाही माहीत नव्हतं.

मोटरसायकल अडत्याकडे ठेवून आम्ही अकोल्याची बस धरली. मी खिडकीशी बसून एकच नंबर दाबत होते. बडनेरा गेलं. माझ्या डोळ्यांसमोर पळीने तीर्थ देणारा हात यायचा आणि त्याच्यापुढे ओंजळींची रांग. नवरा समोरच्या सीटच्या दांडीला धरून बसला होता, एकदाही मागे टेकला नाही. मूर्तिजापूरच्या स्टँडवर बस उभी होती, तेव्हा पलीकडून एका तरुण बाईचा आवाज आला. "हॅलो? आई पूजेत आहेत, नंतर करा."

"ताई, ठेवू नका. तुमच्याकडे आज जी तुळस आली ती आमच्या शेतातली आहे. तिच्यावर फवारणी झालेली आहे. कोणालाही तीर्थ देऊ नका."

तिचा आवाज दूर गेला, "आई, थांबा, थांबा!" भांडं ठेवल्याचा आवाज. ती परत आली. "तीर्थ दिलं नाही अजून. पण..."

"पण काय?"

"बाबा रोज सकाळी उपाशीपोटी तुळशीची पानं खातात. आज जुडी घेऊन आले अन् त्यातलीच खाल्ली. सात-आठ असतील. धुतली की नाही, माहीत नाही."

माझ्या हातातून फोन नवऱ्याने घेतला. त्याचा आवाज मी कधी इतका स्वच्छ ऐकला नव्हता. "त्याईले लगेच दवाखान्यात न्या. उलटी होवो न होवो, न्या. औषधाच्या बाटलीचा फोटो मी पाच मिनिटांत पाठवतो." त्याने शेजाऱ्याला फोन केला, शेतातल्या खोपीतली बाटली शोधायला लावली, लेबलाचा फोटो मागवला आणि पुढे पाठवला.

अकोल्याला उतरून रिक्षाने दवाखान्यात पोचेपर्यंत दुपार झाली होती. बाकावर सून बसली होती. शेजारी सासू, पूजेच्या रेशमी साडीत, बोटांना अजून गंध लागलेलं. आम्ही समोर उभे राहिलो. मला पाया पडावंसं वाटत होतं आणि ते नाटक वाटेल अशी भीतीही वाटत होती.

"तुमीच का?" म्हातारीने विचारलं.

"हो. चूक माझी आहे. यांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. "माह्या हातानं चारशे पानं वाहून झाले होते," ती म्हणाली. "देवाले विष वाह्यलं म्या." आणि मग थोडी सरकून, "बसा. उभं राहून काय होते?"

आत डॉक्टर दर थोड्या वेळाने काकांच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघत होते. घाम येतो का, तोंडाला पाणी सुटतं का, पोटात कळ येते का, पुन्हा पुन्हा विचारत होते. औषध अंगात किती गेलं ते सांगता येत नव्हतं. संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवू, म्हणाले. दार उघडलं की आम्ही चौघंही एकदम मान वर करायचो. एकदा नर्स धावत आत गेली, तेव्हा मी बाकावरून उठलेच. ती दुसऱ्याच पेशंटसाठी गेली होती.

संध्याकाळी डॉक्टरांनी काकांना घरी जायला सांगितलं. काही झालं नव्हतं. बाहेर येऊन काकांनी आधी चप्पल शोधली, मग आमच्याकडे वळले. "दिवसभर उपास, अन् वरून सलाईन," म्हणाले. "तुमी जेवल्या का नाई?"

तेव्हा मी रडले.

परतीची बस बडनेऱ्याला थांबली. मग नवरा म्हणाला, "मी मिक्सर बंद करून सांगायले पायजे होतं."

"तुमी सांगतलं होतं," मी म्हटलं.

त्या दोन ओळी त्याने दुसऱ्या दिवशी मुळासकट उपटल्या. आता तुळशीच्या तुकड्यात पंप जात नाही. मावा आला तर आम्ही फांदी कापून टाकतो. अडत्याने दोन महिने आमची तुळस घेतली नाही आणि मला त्याचा राग आला नाही.

मी मात्र रोज सकाळी अकोल्याला फोन करायला लागले. डॉक्टरांनी धोका टळला म्हटलं होतं तरी माझा विश्वास बसत नव्हता. काका उचलायचे आणि माझं "बरं आहे ना?" पुरं व्हायच्या आत म्हणायचे, "जित्ता हाओ." मग ठेवून द्यायचे. असं आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी मला माझीच लाज वाटली, फोन केला नाही. दहाच्या सुमाराला मी शेवंती तोडत होते, तेव्हा फोन वाजला.

"काहून व," काका म्हणाले, "आज इचारलं नाई?"