उभ्यानं जेवण

बाबा जबलपूरच्या मालधक्क्यावर हमाल होते. मालगाडीतली गव्हाची पोती पाठीवरून ट्रकमध्ये न्यायची. कंबर धरली तरी सांगायचं नाही, कारण आपली पोती जोडीदाराच्या पाठीवर जातात, ही त्यांच्या टोळीची रीत. मला त्या रीतीचा अजून राग येतो.

घरी आम्ही जमिनीवर बसून जेवायचो. एके दिवशी बाबांनी ताट फ्रीजवर ठेवलं आणि उभ्यानंच जेवू लागले. म्हणाले, "कुछ नहीं, दिवसभर बसूनच होतो."

आई आपलं ताट उचलून त्यांच्या शेजारी उभी राहिली.

"तू काहून उभी?"

"मी पण दिवसभर बसूनच होती ना!"

बाबांना हसू आलं, हसताना कळ आली. आईचा खांदा घट्ट धरून ते म्हणाले, "उद्या नाही जात."