रुसलेल्या मुलीची प्रार्थना

सेलूच्या स्टेशनवर त्या सकाळी आईनं मला जवळ येऊ दिलं नाही. तोंडावर पदर धरून ती डब्याच्या खिडकीतून नुसती बघत राहिली... आणि गाडी हलली.

मी तेव्हा चौदा वर्षांची. निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं. (मी बोलतेय, नात मोबाईलवर टाईप करतेय. चुका असतील तर तिच्या!)

बाबा मिशनच्या छोट्या शाळेत मास्तर होते. सेलूत ख्रिस्ती घरं आमचं धरून दोनच. आईला क्षय झाला होता, म्हणून बाबा तिला दूर इंग्रजी मुलखातल्या दवाखान्यात ठेवायला घेऊन चालले होते. ते परत येईपर्यंत मी शेजारच्या काकूंकडे राहिले. काकू लिंगायत, त्यांचं कापडाचं दुकान. त्यांची महानंदा माझ्याच वयाची.

निघताना आई म्हणाली होती, "प्रार्थना सोडू नकोस. नाताळला येते मी."

मग काय... सकाळ-संध्याकाळ गुडघे टेकायचे आणि एकच मागणं. प्रभू, नाताळपर्यंत आईला बरं कर. दिवाळी सरली, जिनिंगच्या कारखान्यापुढे कापसाच्या गाड्यांची रांग लागली, थंडी पडली. मी घर सारवलं. आयुष्यात पहिल्यांदा एकटीनं करंज्या केल्या, निम्म्या तेलात फुटल्या.

नाताळच्या आदल्या दिवशी गाडीच्या वेळेला स्टेशनवर जाऊन उभी राहिले. सगळे उतरले, फलाट रिकामा झाला... आई नव्हती. चार दिवसांनी पत्र आलं. डॉक्टर सोडत नाहीत म्हणून.

त्या दिवसापासून मी देवाशी बोलणं बंद केलं. कुणाला कळू दिलं नाही. महिन्यातून एकदा चर्चचे पाळकसाहेब रेल्वेनं यायचे, आमच्या ओसरीवर उपासना व्हायची. मी डोळे मिटून बसायचे, आत मात्र शुकशुकाट. बाबांना संशय येऊ नये म्हणून गीतं सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणायचे. मास्तरांची मुलगी ना मी...

असे दोन-तीन महिने गेले. आणि एका सकाळी मला पहिल्यांदा पाळी आली.

मला काहीच माहीत नव्हतं. खोकताना आईच्या रुमालावर पडलेलं रक्त तेवढं पाहिलं होतं. वाटलं, आता आपणही चाललो. बाबांना कसं सांगणार? पळत काकूंच्या दारात गेले.

काकू पूजेला बसल्या होत्या. कपाळाला विभूती, डाव्या तळहातावर लिंग. मी उंबऱ्याबाहेरच थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या परकराकडे पाहिलं आणि उजव्या हातानं आत बोलावून शेजारी बसवलं. गल्लीतल्या बाकीच्या घरांत अशा वेळी बाहेर बसवत. काकूंच्या घरात तो विटाळ मानतच नव्हते, हे मला पुढे कळलं.

पूजा झाल्यावर त्यांनी सगळं समजावून सांगितलं. जुन्या लुगड्याच्या घड्या करून दिल्या. मग मला कुशीत ओढलं... कितीतरी महिन्यांनी कुणीतरी जवळ घेतलं होतं. मी हमसून हमसून रडले. आई पाहिजे, एवढंच म्हणत होते.

"तुज्या देवाला सांगितलंस का?" काकूंनी विचारलं.

"मी बोलत नाही त्याच्याशी."

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

"रुसलीस व्हय? मंग रुसल्यावाणी भांड की त्याच्याशी. आमची महानंदा लय रुसती, पर भांडती माज्यासंगंच. ती गप बसली ना, की मला भ्या वाटतंय."

माझे डोळे पुसत त्या पुढे म्हणाल्या, "तुज्या आईसाठी मी माज्या देवाला रोज सांगायलेय. पर तुज्या देवाला कुणी सांगावं? माजी न्हाई त्याची वळख."

घरी आले. बाबा शाळेत गेले होते. चुलीपुढे बसले आणि भांडले... मोठमोठ्यानं. 'हे स्वर्गीय पित्या' वगैरे काही नाही. का नाही पाठवलंस तिला? मी एवढं मागितलं, ऐकू आलं नाही का तुला? मला आई पाहिजे, आत्ता पाहिजे.

उत्तर आलं नाही. पण घसा बसेपर्यंत बोलून झाल्यावर लक्षात आलं, की इतके दिवस बाबा असूनही घरात मला एकटं वाटायचं, आणि आता तसं वाटत नव्हतं.

आई आली नाही. पुढच्या पावसाळ्यात ती तिकडेच गेली. तिची कबर मी पाहिली ती थेट नर्सची नोकरी लागल्यावर, माझ्या पैशानं तिकीट काढून. तोवर निजामाचं राज्यही गेलं होतं. कबरीपाशी बसून आईशी गप्पा मारल्या, आणि प्रभूशी पुन्हा एकदा भांडले.

म्हातारपणी आईची ओढ कमी होते असं वाटायचं... नाही होत. आजही प्रार्थनेत मधेच अडकते आणि विचारते, तेव्हा का नाही पाठवलीस? मग डोळे पुसून पुढचं म्हणते.

त्या वयात माझा विश्वास सुटता सुटता राहिला, तो येशूची ओळख नसलेल्या एका बाईमुळे. काकू, तुमचं नाव मी रोज त्याच्या कानावर घालते.