मे महिन्यातला हिमदंश

जळगावच्या मे महिन्यात हिमदंशाची धास्ती घेऊन जगणारा माणूस अख्ख्या देशात एकच असेल, आणि नेमका तोच माझा सासरा निघाला. आबा पारोळ्याकडचे, सातवी शिकलेले, बर्फातल्या चौक्यांवर फौजेची नोकरी करून हवालदार म्हणून घरी आलेले. मी आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी., तोही फिजिक्सचा. हे मी लग्नाच्या बोलणीतच सांगितलं होतं. पुढे दर भेटीत पुन्हा सांगत असे. त्यावर आबा एवढंच म्हणायचे, "बोटे दखाडा बरं, जवाईबापू." राम राम झाल्यावर आणि चहा यायच्या आधी ते माझी नखं दाबून लाली परत येते का बघत. भर उन्हाळ्यात पिशवीत कोरड्या मोज्यांचे दोन जोड. शिरपूरच्या एका लग्नात नवरदेवाचे नवे बूट घट्ट दिसले, तर बोहल्यावर चढायच्या आधी त्याला खाली बसवून त्यांनी नाड्या सोडायला लावल्या. "रगतले फिराले जागा ठेवा," म्हणाले. वऱ्हाडी हसले, सगळ्यांत मोठ्याने मी.

पुढे मला आइस्क्रीमच्या कारखान्यात सुपरवायझरची नोकरी लागली. शीतगृह दाखवायला मी आबांना मोठ्या ऐटीत घेऊन गेलो. त्यांनी खिशातून लोकरीचे हातमोजे काढले. मी म्हणालो, "आबा, पाच मिनिटांचं काम. उष्णतेचं वहन मी शिकलोय." आणि ओल्या, उघड्या हातांनी आत गेलो. लोखंडी मांडणीचा एक ट्रे अडकला होता. त्याच्याशी झटापट करण्यात पंधरा मिनिटं गेली. बाहेर आलो तेव्हा उजव्या हाताच्या तीन बोटांची टोकं मेणबत्तीसारखी पांढरी पडली होती. चिमटा घेतला, काही कळेना. मग मात्र तंतरली. आईवडिलांच्या अंगठ्याच्या ठशांनंतर आमच्या घरात आलेली पहिली सही याच बोटांतून निघत होती.

दारात उन्हात तापलेला टेम्पो उभा होता. माझ्या फिजिक्सने सुचवलं, गार वस्तू तापल्या पत्र्याला लाव. मी हात बॉनेटवर टेकवणार, तोच आबा धावले. "हात काढा तठून! सुन्न बोटले चटका समजत नही!" मी बोटं चोळायला लागलो, तर हातावर चापट बसली. "चोळानं बी नही!" त्यांनी माझी अंगठी उतरवली, मला सावलीतल्या बाकावर बसवलं, सदऱ्याची बटणं सोडली आणि माझी बोटं सरळ स्वतःच्या काखेत धरली. कामगार गोळा झाले. एकाने विचारलं, "आबा, काय व्हयनं?"

"काही नही, साहेबले थंडी वाजी ऱ्हायनी."

चव्वेचाळीस डिग्रीत! माझी सुपरवायझरकी तिथंच वितळली. लाज झाकायला विचारलं, "हे सगळं फौजेत शिकवतात का?"

आबांनी काख आणखी घट्ट मिटली. मग म्हणाले, चौकीवर एक जोडीदार होता. त्याची बोटं अशीच पांढरी पडली, म्हणून मायेपोटी त्याला पेटत्या चुलीला चिकटून बसवलं. भाजलेलं त्याला कळलंच नाही. दोन बोटं काढावी लागली.

"चुल्हा मीच पेटाडेल व्हता," आबा म्हणाले.

थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "मुंग्या येतस का?"

येत होत्या. बोटं लाल होऊन ठणकायलाही लागली होती. मी म्हणालो, "अजून नाही, आबा," आणि हात तिथंच राहू दिला.