नदीपलीकडचा जिल्हा

आपा शिरूरला पोचली त्याच दुपारी मी तिला पोलीस ठाण्यात घेऊन गेलो. तिनं तोंडावर पाणीसुद्धा मारलं नव्हतं. अम्मा दारात म्हणत होती, "अरे, लेकीला दोन घास तरी खाऊ दे." मी म्हणालो, घास नंतर. कागदावर चोवीस तासांत हजर व्हा असं लिहिलं होतं, पण ते चोवीस तास कुठून मोजायचे हे लिहिलं नव्हतं. असल्या बाबतीत मी कुणाच्या बापावर विश्वास टाकत नाही. माझा स्वभाव संशयी, आणि त्या काळी मला त्याचा अभिमानही होता.

आपा म्हणजे माझी थोरली बहीण. तिचं सासर दौंडचं, नवरा रेल्वेत. फाळणी झाली तेव्हा रेल्वेतल्या लोकांना विचारलं गेलं, इकडं राहता की तिकडं जाता. त्यानं तिकडं म्हणून लिहून दिलं. का दिलं, ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. त्यानंतर बारा-तेरा वर्षांनी आपा पहिल्यांदा माहेरी आली, कराचीहून मुंबईपर्यंत बोटीनं, दौंडपर्यंत गाडीनं आणि पुढं एसटीनं. एकटीच आली. पोरं नवऱ्यापाशी ठेवली होती, धाकटं चार वर्षांचं.

ज्या ओट्यावर ती सागरगोटे खेळली, त्याच ओट्यावर बसायला आता तिला परवाना लागत होता. तीन महिन्यांचा व्हिसा, आणि त्यात दोनच गावं: दौंड आणि शिरूर. दौंडला उतरली की वर्दी द्यायची, दौंड सोडलं की वर्दी, शिरूरला पोचली की वर्दी. म्हाताऱ्या सासऱ्याला भेटायला चार दिवस दौंडला गेली, तर जातायेता पुन्हा तेच. मी नुकताच शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो. बहिणीच्या कागदात एक खोट निघाली तर माझी नोकरी जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. तसं कुणी मला सांगितलं नव्हतं, तरी ठाऊक होतं.

ठाण्याचा हवालदार आठ-दहा दिवसांनी ओट्यावर येऊन टेकायचा. चहा प्यायचा आणि म्हणायचा, "काय मास्तर, पाव्हण्या कुठं कुठं हिंडून आल्या?" मी म्हणायचो, कुठं नाही, घरातच. तो गेला की मी अम्माला विचारायचो, आज हा कशाला आला होता? काल आपल्याकडं कोण येऊन गेलं होतं? अम्मा वैतागायची.

माझा सगळ्यात जास्त डोळा होता शेजारच्या दूधवाल्यावर. तो जातीनं धनगर. बापाच्या वेळेपर्यंत त्यांची मेंढरं होती, यानं म्हशी घेतल्या होत्या. रोज सकाळी मापानं दूध ओतता ओतता तो आत डोकवायचा आणि विचारायचा, "चाची, पाव्हणी कवापातूर हाय?" रोज तेच. दूध घालणाऱ्याला पाहुणीच्या मुदतीशी काय करायचंय? एकदा मी खडसावलंच. तो म्हणाला, "आवो, पाव्हणीपायी तुमचं वाढीव दूध दुसऱ्याला घालत न्हाई म्या, म्हून इचारतो." मला ते उत्तर जरा जास्तच तयार वाटलं.

आता नदीचं सांगतो. शिरूरच्या अंगाला घोडनदी. अलीकडं पुणे जिल्हा, पलीकडं नगर. पण आमच्या लेखी पलीकडं म्हणजे आमचंच. गुरं तिकडं चरायची, बाजाराला माणसं तिकडून यायची, आमची खाला, म्हणजे अम्माची बहीण, तिकडच्याच एका वस्तीवर राहायची. तिचं दुखणं वाढल्याचा निरोप आला. उन्हाळ्याचे दिवस, पाणी घोट्याएवढं. मी आणि आपा सकाळी गेलो आणि दिवेलागणीच्या आत परत आलो. आपण दुसऱ्या जिल्ह्यात जातोय, हे माझ्यासारख्या संशयी माणसाच्यासुद्धा डोक्यात आलं नाही. येताना ऐन पात्रात दूधवाला भेटला. "खालाकडं गेल्ता व्हय?" त्यानं विचारलं. आपा हो म्हणाली. मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि पाचावर धारण बसली.

महिना उरला तसं अम्मानं धरून बसायला सुरुवात केली. तिला दम्याचा त्रास होता. "आता गेली की मी काही हिला पुन्हा बघत नाही. ईद होईपर्यंत तरी ठेवून घे," म्हणायची. मी मुदतवाढीचा अर्ज लिहिला. डॉक्टरचा दाखला जोडला, फोटो काढून आणले, पुण्याच्या पोलीस कचेरीत दोन खेपा घातल्या. तिथला कारकून म्हणाला, शिरूरहून अहवाल चांगला आला तर मिळून जाईल. अम्मा दुवा मागत जानमाजवरून, नमाजाच्या चटईवरून, उठेना. आपा शेजारी बसून तिची पाठ चोळायची. काही बोलायची नाही. मला वाटायचं, बिचारी घाबरलीय.

आठवड्यानं हवालदारानं मला ठाण्यात बोलावलं. "तुमच्या भगिनी नदीपलीकडं गेल्त्या. परवान्यात नगर जिल्हा न्हाई. एकट्याच गेल्त्या न्हवं?" मी म्हणालो, मला काही माहीत नाही. एवढं बोलून मी बहिणीला उघड्यावर टाकलं, हे त्या क्षणी मला कळलंसुद्धा नाही. मुदतवाढ नामंजूर झाली. मुदतीच्या आत देश सोडा, असा कागद आला.

दुसऱ्या दिवशी दूधवाला दारात आला, तेव्हा अम्मानं भांडंच पुढं केलं नाही. मी ओट्यावर उभा राहून त्याला नाही नाही ते बोललो. चुगलखोर म्हणालो. त्यानं चरवी खाली ठेवली. "म्या कशाला सांगू मास्तर? मला काय घावनार त्यातनं?" एवढंच म्हणाला. हवालदारानं माझं नाव का घेतलं नाही, या प्रश्नानंही मला छळलं होतं, पण त्याचं उत्तर मी काढून ठेवलं होतं. माझं नाव यानं हातचं राखून ठेवलंय, पुढं कधीतरी वापरायला. इतका मी हुशार.

आपाला सोडायला मी दौंडला गेलो. तिथल्या ठाण्यात शेवटची वर्दी देऊन आम्ही फलाटावर बसलो. मुंबईची गाडी यायला अवकाश होता. आपा म्हणाली, "त्या दूधवाल्याला यापुढं वाईट बोलू नकोस."

"का बोलू नको?"

"त्यानं नाही सांगितलं. मी सांगितलं."

मला आधी खरंच वाटेना. तिनं पदराची कड बोटाला गुंडाळत शांतपणे सांगितलं. मुदतवाढीचा अर्ज गेल्यावर ती सासऱ्याला भेटून दौंडहून परत आली, त्या दिवशी मला शाळा होती, म्हणून ती ठाण्यात एकटीच गेली होती. हवालदारानं नेहमीसारखं विचारलं, कुठं कुठं हिंडलात? तिनं सांगून टाकलं, मी नदीपलीकडं जाऊन आले, एकटीच. "तुझं नाव घेतलं नाही," ती म्हणाली. "धाकटा रात्री मला शोधत उठतो, असं त्याच्या बापानं लिहिलंय. अम्मा दुवा मागतेय, तू पुण्याच्या खेपा घालतोयस. मला राहायचं नाही, हे मी कुठल्या तोंडानं सांगू? माझं घर आता तिकडं आहे रे." मग ती रडली. मला रडू आलं नाही, राग आला. तिचाही आला आणि माझाही. गाडी आली तेव्हा मी तिला नीट निरोपसुद्धा दिला नाही, आणि ती सल अजून जात नाही.

घरी आलो तर अम्मा दूधवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. आता मी तोंड उघडायला हवं होतं. पण त्यानं नाही सांगितलं म्हटलं, की अम्मा विचारणार, मग कुणी सांगितलं? आणि लेकीलाच तिच्यापाशी राहायचं नव्हतं, हे त्या बाईला मी कसं सांगणार? मी गप्प बसलो. अम्मा उरलेली सगळी वर्षं आपाचं नाव काढून रडली आणि दूधवाल्याच्या नावानं बोटं मोडत राहिली. गल्लीनंही तिचं ऐकलं. आणखी दोन घरांनी त्याचं दूध बंद केलं.

अम्मा गेली तेव्हा तो आला. जनाज्याला खांदा दिला, कबरस्तानात एका कडेला उभा राहिला. लोक माती देत होते. तो माझ्याजवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "मास्तर, म्या न्हवतं वो सांगितलं. चाचीला येवढं कळाया पायजे हुतं."

मी म्हणालो, "ठाऊक आहे मला."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "कवापासनं?"

खोटं बोलायला जागा नव्हती. "आपाची गाडी गेली, त्या दिवसापासून."

"म्हंजी तीन वर्सं," तो म्हणाला, आणि बाकीच्यांसारखी माती द्यायला वाकला.