हेमाताईंनी मशीन खाली आणलं

एक गोष्ट आधीच सांगते. हेमा आंबर्डेकर या बाईचं मला पहिल्यापासून कौतुक होतं, असं मुळीच नाही. लखनौच्या निशातगंजमधल्या त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहायला आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या भिंतीवरची बुरशी सुरीनं खरवडली आणि कागदाच्या पुडीत बांधून नेली. मला वाटलं, घरमालकीणबाईंना लाज वाटली असेल, आता रंग लावून देतील. कसलं काय! बाई संशोधन संस्थेत बुरश्यांच्याच शास्त्रज्ञ. पुडी मायक्रोस्कोपखाली घातली आणि दुसऱ्या दिवशी मला त्या बुरशीचं नाव सांगायला जिना चढून आल्या. रंग आम्हीच लावला.

त्यांचे यजमान विनयराव रेल्वेत इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी गॅरेजमधली गाडी विकली आणि तिथं एक बँडसॉ आणून ठेवला. म्हणजे दोन चाकांवर गरगर फिरणाऱ्या पोलादी पट्ट्याची करवत. लाकूड टेबलावर धरायचं, पट्ट्यासमोर हळूहळू फिरवायचं आणि हवा तसा गोल कापून घ्यायचा. विनयराव त्यावर पोळपाट करायचे. लखनौच्या बाजारात चकला मिळतो, पण आपल्याला हवा तसा तीन पायांचा, ऐसपैस पोळपाट कुठे मिळतो? त्यामुळे लखनौतल्या झाडून सगळ्या मराठी घरांत विनयरावांचा पोळपाट. माझ्याकडेही आहे. त्यावरची पोळी वाकडी झाली तर दोष माझाच, हेही त्यांनी हसत हसत सांगून ठेवलेलं.

२००८च्या हिवाळ्यात हा माणूस गोमती नगरहून मुलाला भेटून स्कूटरवर परत येत होता. धुकं असं होतं की पुढचा दिवा दिसेना. स्कूटर दुभाजकावर आपटली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, हाडही जुळलं. डॉक्टर म्हणाले, "पायात ताकद येईल, पण उभं राहिलात तर येईल. नुसते बसून राहिलात तर स्नायू वाळतील, मग मीही काही करू शकणार नाही." विनयराव वॉकर घेऊन एकदा उभे राहिले, मोरीच्या दाराशी पडले, आणि त्यानंतर खुर्चीतून उठायचं नावच काढेनात. हाडापेक्षा मनच जास्त मोडलं होतं. दिवसभर चाकांच्या खुर्चीत बसून टीव्हीवर जुन्या मॅचेस बघायचे. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्टला त्यांनी गोड बोलून परत पाठवलं, एकदा नव्हे, रोज.

मुलगा राजस आला की आईला समजावायचा. त्याला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. "आई, मशीन बेच दो ना. बाबा देखते हैं तो और दुखी होते हैं."

"मशीन उंच आहे, एवढाच प्रॉब्लेम आहे," हेमाताई म्हणाल्या. "खुर्चीत बसलं की टेबल त्यांच्या हनुवटीशी येतं."

मला राहवलं नाही. "मग स्टँडचे पाय कापून टाका की! वेल्डिंगवाला तासाभरात करून देईल."

"कापले की मशीन कायमचं खाली राहील, मीनाक्षी. मला ते खालीही यायला हवंय आणि वरही जायला हवंय."

आता साठीला टेकलेल्या बाईनं हे काम कुणाला तरी सांगून करून घ्यावं की नाही? पण नाही. त्या म्हणाल्या, मायक्रोस्कोपमधली काचपट्टी आपण स्क्रू फिरवून वर-खाली करतोच, आयुष्यभर मी दुसरं काय केलं? मी मनात म्हटलं, काचपट्टी कुठं आणि क्विंटलभराचं धूड कुठं! पण बाई हट्टाला पेटल्या होत्या.

पहिला प्रयोग सपशेल फसला. मशीनच्या बरोबर मधोमध त्यांनी गाडीचा जॅक लावला. बँडसॉचं सगळं वजन वरच्या अंगाला, त्यामुळे वीतभर उचललं गेल्यावर ते डोलायला लागलं आणि भिंतीवर जाऊन टेकलं. नशीब, मध्ये कुणी नव्हतं. मी वरून धावत आले तर हेमाताई भिंतीला पडलेल्या खड्ड्याकडे बघत उभ्या. घाबरल्या असतील म्हणून मी पाण्याचा पेला पुढे केला, तर म्हणतात, "बघ, चारही कोपऱ्यांना धरून ठेवायला हवं होतं. हे मला आधी कळायला हवं होतं." पाणी मीच प्यायले.

मग आलमबागच्या बसस्टँडामागच्या भंगारवाल्यांकडे आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. आमच्या म्हणते, कारण सामान उचलायला मी! तिथून एका मोडीत निघालेल्या बसच्या वायपरची मोटर मिळाली. हेमाताईंचं म्हणणं, पावसात काच पुसत वर्षानुवर्षं फिरलेली मोटर आहे, हळू फिरते पण दमत नाही. कोपऱ्यांना पाइपात पाइप सरकणारे चार पाय, दोन बाजूंना दोन लांब जाड स्क्रू, आणि दोन्ही स्क्रू एकदमच फिरावेत म्हणून त्यांना जोडणारी सायकलची चेन. एक स्क्रू पुढे गेला आणि दुसरा मागे राहिला तर मशीन पुन्हा कलंडणार, म्हणून ही चेन. मोटर त्यांनी घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर चालवली, कारण लखनौची वीज कधी दगा देईल सांगता येत नाही आणि मशीन मध्येच अडकून चालणार नव्हतं. वेल्डिंगवाल्या भैयांनी तो सांगाडा बघून अदबीनं विचारलं, "डॉक्टर साहिबा, इस पर तोप चढ़ाइएगा क्या?"

"हाँ भैया, समझ लीजिए तोप ही है," बाई म्हणाल्या आणि कोपरे काटकोनात आहेत का ते तपासायला लागल्या. एक नव्हता. तो त्यांनी तोडून परत करून घेतला. हात भाजले, नखं काळी झाली, संस्थेत जाताना त्या सरळ हातमोजे घालून जायला लागल्या. मी खूप माणसं पाहिली आहेत, पण इतकी न चिडता चुका दुरुस्त करणारी बाई पाहिली नाही. मला तर कणीक सैल झाली तरी रडू येतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर स्टँड तयार झाला. हेमाताईंनी विनयरावांची खुर्ची गॅरेजमध्ये आणली आणि बटण दाबलं. ते एवढं धूड गुरगुरत, सावकाश, न डोलता खाली आलं आणि टेबल त्यांच्या कोपराच्या उंचीला येऊन थांबलं. विनयरावांनी टेबलावर कोपर टेकवून पाहिलं. मग म्हणाले, "लाकूड कुठाय?" त्या दिवशी त्यांनी बसल्या बसल्या शिसवीचा एक गोल कापला. मी पेढे वाटले. मला वाटलं, संपलं एकदाचं.

हेमाताईंना तसं वाटत नव्हतं. दर रविवारी विनयराव अंघोळीला गेले की त्या गॅरेजमध्ये जायच्या आणि टेबल बोटभर वर घ्यायच्या. बोटभरच. आधी उशी घेऊन बसतील, मग उंच स्टुलावर, मग कडेला टेकून, आणि मग एक दिवस उभे. असा त्यांचा बेत. मला विश्वासात घेऊन सांगितला तेव्हा मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडले.

पण ज्या माणसानं जन्मभर रुळांची मापं काढली, त्याला बोटभर फरक कळणार नाही? शास्त्रज्ञ बाईंना एवढं मात्र सुचलं नाही. तिसऱ्या रविवारी खाली आवाज चढले. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते आणि कान काही बंद ठेवले नव्हते.

"टेबल वर गेलंय, हेमा."

"अहो, नाही हो—"

"मला फसवू नकोस. मशीन खाली येईल म्हणालीस, म्हणून मी आलो."

मग हेमाताईंचा आवाज. "हो, घेतलं मी वर. मला तुम्हाला उभं राहिलेलं बघायचंय. चुकलं का माझं?"

"पडतो मी. तू नाही."

खुर्ची घरात गेली आणि टीव्ही पुन्हा सुरू झाला. गॅरेजला कुलूप. मला विनयरावांचा इतका राग आला होता की त्या दिवशीची खीर मी खाली पाठवलीच नाही.

हेमाताईंनी वाद घातला नाही. त्यांनी आलमबागहून लांब वायर आणली आणि स्टँडवरचं बटण काढून ते विनयरावांच्या खुर्चीच्या हाताला बसवलं. त्यांना म्हणाल्या, "आजपासून मी हात लावणार नाही. खाली ठेवा, वर घ्या, तुमची मर्जी." गॅरेजमध्ये पाऊल टाकायच्या आधीही त्या हाक मारायला लागल्या. विनयराव परत कामाला बसले. टेबल मात्र तिथंच, कोपराच्या उंचीला. पाऊस गेला, दिवाळी झाली. पोळपाट होत होते आणि पाय वाळत होते. डॉक्टरांनी हेमाताईंना बाजूला घेऊन सांगितलं, "पाय वाचवायला आता फार दिवस नाहीत." त्या घरी आल्या आणि नवऱ्याला एक शब्द बोलल्या नाहीत. तो स्टँड बांधणं त्यापुढे काहीच नव्हतं, असं मी आजही म्हणते.

जानेवारीत मटार स्वस्त झाले की आम्ही दोघी मिळून सोलायला बसायचो. माझं स्वयंपाकघर गॅरेजच्या बरोबर वर. दुपारी शेंगांचा ढीग घालून बसलो होतो, तेवढ्यात खालून मोटर सुरू झाली. मशीन खाली येतं तेव्हा त्याचं वजनच मोटरला मदत करतं, आवाज हलका असतो. वर जाताना ती कण्हते. आता ती कण्हत होती.

मी ताडकन उठले. "हेमाताई, वर चाललंय!"

"बैस."

"अहो, पण—"

"मीनाक्षी, बैस म्हणते ना! मी गेले तर ते थांबतील."

मोटर कण्हतच राहिली. बोटभर नाही, वीतभर नाही. बसलेल्या माणसाचा हात पोचेल त्याच्या पार वर गेल्यावर ती थांबली. मग खुर्चीचा ब्रेक लागल्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही. हेमाताईंच्या हातात अर्धी उघडलेली शेंग होती. त्या जमिनीकडे बघत होत्या, जणू फरशीतून आरपार दिसणार होतं. खाली काहीतरी घासलं. विनयराव मोठ्यानं "आई गं" म्हणाले, आणि हेमाताईंनी माझं मनगट इतकं घट्ट पकडलं की बांगडी रुतली. तरी त्या उठल्या नाहीत.

मग करवत सुरू झाली. आधी नुसतीच फिरली, आणि मग तिचा आवाज जाड झाला. पट्ट्यात लाकूड गेलं होतं.

मला हुंदका आवरेना. "रडायचं तर तिकडे तोंड करून रड, मटार खारट होतील," हेमाताई म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून स्वतःच ढसाढसा रडायला लागल्या.