शेजारी प्रेत असताना

आमच्या मंडळीला शेजाऱ्यांवर प्रीती करण्याचा झटका आला होता, त्या रविवारची ही गोष्ट. इतकी वर्षं लोटली, तरी आठवलं की माझं डोकं तापतं. ते तापलेलंच बरं.

आम्ही रत्नागिरीतले मूठभर ख्रिस्ती. देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, एका अंगाला आमचं घर, दुसऱ्या अंगाला जांभ्या दगडांचा गडगा आणि गडग्यापलीकडे काका-काकी. नात्याचे नव्हेत, शेजारचे. त्यांचे मुलगे मुंबईला नोकरीत. काकांनी आमच्या देवळाची पायरी कधी चढली नाही. पण माझी आई गेली तेव्हा भर पावसात पहार घेऊन कबरस्तानात पहिले उतरले ते काकाच. कातळ फोडून त्यांनी खड्डा खणला. आपण इथे पाय ठेवलेला चालेल का, असं त्यांनी कुणाला विचारलं नाही. आईला घरातून उचलेपर्यंत काकींनी चूल पेटवली नव्हती. शेजारी प्रेत असलं की चूल पेटवायची नाही, ही आमच्याकडची रीत. ती कुठल्या ग्रंथात नाही, पण आमच्या आळीत सगळ्यांना ठाऊक होती. ख्रिस्त्यांनाही.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीत आमच्याकडे घाटावरून नवे पाळकसाहेब आले. बोलायला गोड माणूस. मंडळीनं शेजाऱ्यांत मिसळलं पाहिजे, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्या वर्षीचा हंगामाचा सण शेजाऱ्यांसह करायचा, उपासनेनंतर सगळ्या आळीला पंगत द्यायची. मंडळीच्या पंचांनी माना डोलावल्या. घरोघर आमंत्रणं गेली, काकांनाही गेलं. "येतंय की," ते म्हणाले होते.

त्या रविवारी पहाटेच काका गेले.

तुळशीचं लग्न नुकतंच झालं होतं. आळीतले पुरुष एक तर मुंबईला, नाहीतर आपापल्या गावी भात झोडायला. मुलांना तार केली, पण ते एस.टी.नं दुसऱ्या दिवशी पोचणार, आणि तोवर प्रेत ठेवायचं कसं? घरात काकांचा म्हातारा भाऊ आणि एक लांबचा पुतण्या, एवढीच गडीमाणसं. तिरडीला चार खांदे लागतात. मी सकाळपासून काकींजवळ बसले होते. दिरानं त्यांना दोनदा विचारलं, "वयनी, खांदेकरी आनायचे कुठनं?" काकींनी काकांच्या अंगावरची चादर सारखी केली. आणि गडग्यावरून थेट त्या ओटीवर मटणाचा वास येत होता.

मी तशीच उठले आणि देवळाच्या आवारात गेले. तीन दगडांवर भलीमोठी पातेली चढलेली. बायकांना म्हटलं, "अगो, चुली विझवा. शेजारी प्रेत आहे." "पाळकसाहेबांना विचार," एक म्हणाली. आत पाळकसाहेब 'माझा शेजारी कोण?' यावर उपदेश करत होते. उपदेश उत्तम होता, मागच्या बाकावर दोघी डोळे टिपत होत्या. काका गेले, खांदेकरी हवेत, असं मी माझ्या वडिलांच्या कानात सांगितलं. ते स्वतः पंच. भर उपासनेत उठून त्यांनी ते पाळकसाहेबांना सांगितलं.

उपदेश पुरा झाल्यावर पंच व्हरांड्यात जमले.

"आपण हात लावलेला त्यांना चालेल का पण?" एकानं शंका काढली.

"तिथे मंत्रबिंत असणार. आपल्या ख्रिस्ती साक्षीचं काय?" दुसऱ्यानं काढली.

"गडग्यापलीकडे जा आणि विचारा की!" मी ओरडलेच.

पाळकसाहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मुली, आधी प्रार्थना करू."

प्रार्थना केली. चांगली ऐसपैस केली. तोवर भात निवायला लागला, म्हणून पंगत बसली. शेजाऱ्यांसाठी मांडलेल्या पंगतीला शेजारचं एक माणूस नव्हतं. कसं असेल? अख्ख्या आळीत चूल पेटली नव्हती. तर आमचे एक पंच, जन्म रत्नागिरीत गेलेले, वाढून घेता घेता म्हणतात, "बघा, आपल्या हातचं त्यांना चालत नाही." पाळकसाहेब परके होते, त्यांना रीत ठाऊक नव्हती. या मेल्यांना तर होती!

वडिलांनी कोट उतरवून माझ्याकडे दिला आणि एकटेच गेले. पण तीन माणसांना तिरडी उचलवत नाही. दिवस कलायला लागला, तेव्हा वखारीतून स्मशानात लाकडं पोचवून आलेल्या हातगाडीवर काकांना ठेवलं. माझ्या आईसाठी कातळ फोडणारा माणूस हातगाडीवरून गेला. गाडी देवळाच्या फाटकासमोरून जाताना आमची मंडळी मात्र मानानं उठून उभी राहिली. पाळकसाहेबांचा उजवा हात रश्श्यानं बरबटलेला, म्हणून त्यांनी डावा हात वर करून आशीर्वाद दिला.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. संध्याकाळी पाळकसाहेब मटणाचं पातेलं घेऊन काकींकडे गेले. सुतकाच्या घरी मटण! वडील आणि मी तिथेच होतो. वडिलांनी ते पातेलं उंबऱ्याबाहेरच धरलं आणि मागे सारलं. पाळकसाहेबांनी पातेलं पायरीवर ठेवलं. "कुणी बोलवायला आलं असतं, तर आम्ही आलोच असतो," ते म्हणाले.

काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी पदर सावरला.

"मी येत व्हते वो. गडग्यापरयंत आले मी. पन तुमची मानसं पानावर बसलेली. जेवत्या मानसाला कसं उठवायचं?"

त्यात टोमणा नव्हता. त्या खरंच तसं मानत होत्या. पाळकसाहेबांचा चेहरा सैल झाला. बाहेर आल्यावर ते वडिलांना म्हणाले, "समजूतदार बाई आहेत हो."